लाँच लिमिटर किती आरपीएमला लावायचा? आधी टायरला विचारा

प्रश्न असा आहे: "काका, माझ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे, १.८ टर्बो, मॅन्युअल. रीमॅप केली आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवली आहे, टायर साधे रोडचेच. ट्यूनरने फाइलमध्ये लाँच लिमिटर टाकून दिलाय, ४५०० ला, स्पार्क कट. धावपट्टीवर ड्रॅगला गेलो तर पहिल्या साठ फुटांचा वेळ कधी २.७ सेकंद, कधी ३ च्या वर. गंमत म्हणजे लिमिटर बंद करून एकदा पळालो तेव्हा २.६ आला. मित्र म्हणतात ५५०० ला लाव, टर्बोला बूस्ट (हवेचा दाब) मिळेल. लावू का? आणि ते एक्झॉस्टमधून फटाके फुटतात त्याने इंजिनाला काही होतं का?"

काका म्हणालास, तेव्हा मीही सरळ 'तू'च म्हणतो. नव्या वाचकासाठी एक ओळ: लाँच लिमिटर म्हणजे गाडी लाइनवर उभी असताना, एक्सलरेटर पूर्ण दाबला तरी, इंजिनाला ठरलेल्या आरपीएमच्या वर जाऊ न देणारी मर्यादा; स्पार्क कट म्हणजे त्यासाठी प्लगची ठिणगी तोडणं. ५५०० ला लावू नकोस. ४५०० सुद्धा तुझ्या गाडीला जास्त आहे. ती माझ्यासमोर उभी असती तर मी लॅपटॉप जोडून आधी २८०० ला आणली असती आणि तिथून वर चढलो असतो. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुसता आकडा दिला तर पुढच्या वेळी टायर बदललेस की पुन्हा विचारायला येशील.

तो २.६ आला त्या रनमध्ये तू काय केलंस ते आठव. लिमिटर नव्हता, म्हणून कान देऊन रेस धरलीस, बहुतेक तीन हजाराच्या आसपास, आणि क्लच जरा सांभाळून सोडलास. लिमिटर लावल्यावर मात्र एक्सलरेटर फळीला टेकवला, मागे फटाके वाजायला लागले, अंगात आलं, आणि क्लचवरून पाय सरळ काढून घेतलास. निम्मा प्रश्न इथेच आहे.

आता तुझ्या टायरचा हिशेब. गाडी तुझ्यासकट १४०० किलो धरू. उभी असताना त्यातलं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर. पण गाडी निघाली की नाक वर येतं, बूड बसतं आणि वजन मागे सरकतं. ओढणारी चाकं पुढची, म्हणजे नेमकी जिथे पकड हवी तिथलंच वजन कमी होतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, व्हीलबेस २५१ सेंटिमीटर आणि कोरड्या डांबरावर रोड टायरचा घर्षणांक ०.९५ धरला, तर उत्तर येतं ०.४७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाच्या ४७ टक्के. याहून जोरात ही गाडी सुटूच शकत नाही, इंजिन दोनशे घोड्यांचं असो की चारशेचं. हेच गणित निम्मं-निम्मं वजन असलेल्या मागच्या चाकाच्या गाडीला लाव, ०.६ जी येतं, कारण तिथे सरकणारं वजन ओढणाऱ्या चाकांवरच जाऊन बसतं. यूट्यूबवरच्या अमेरिकन मस्टँगचा आकडा तुझ्या गाडीला का चालत नाही, त्याचं पहिलं कारण हे.

०.४७ जीने साठ फूट, म्हणजे १८.३ मीटर, जायला किती वेळ लागेल? घड्याळ गाडी हलल्या हलल्या सुरू होत नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या, म्हणजे स्टेजच्या, किरणातून बाहेर पडलं की सुरू होतं, तोवर गाडी साधारण ३० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. तो फायदा वजा करून कागदावर २.४८ येतात. म्हणजे साध्या टायरवर, गोंद न मारलेल्या धावपट्टीवर, तुझी हद्द अडीच सेकंदांच्या आसपास. २.६ आला तो रन वाईट नव्हताच. तू फक्त एक दशांश मागे होतास, आणि लिमिटरने तुला आणखी मागे नेलं.

आता त्याच हिशेबाची दुसरी बाजू बघ, ती मला जास्त आवडते. ०.४७ जीसाठी चाकावर साधारण २००० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तुझा पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून इंजिनाचा टॉर्क १३ पट करतात. म्हणजे इंजिनाकडून हवेत १५५, गिअरबॉक्समधली गळती धरून फार तर १७०. कंपनीतून आली तेव्हाच तुझी गाडी २१० देत होती. रीमॅपनंतर किती देते ते तुझ्या डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर असेल. पहिल्या गिअरमध्ये टायर जेवढं पचवू शकतो त्याहून जास्त टॉर्क तुझ्याकडे टर्बो पूर्ण फुगण्याआधीच आहे. मग लाइनवर उभं राहून आणखी बूस्ट बांधायचा कशासाठी? पोट भरलेल्याला वाढण्यासारखं आहे ते.

मग लिमिटर लाइनवर करतो काय? तो ताकद वाढवत नाही. फ्लायव्हील, क्रँक, प्रेशर प्लेट हे सगळं फिरतंय, त्यात ऊर्जेचा साठा आहे, आणि क्लच सोडला की तो गाडीला मिळतो. हा साठा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ४५०० वरून ५५०० ला गेलास तर रेस वाढली २२ टक्के, साठा वाढला ४९ टक्के. फिरत्या भागांचं जडत्व ०.२ किलो-मीटर वर्ग धरलं, आणि क्लच पूर्ण धरेपर्यंत ४५०० चे २५०० झाले, तर १५ किलोज्यूल बाहेर पडतात. हे सगळे गाडीला मिळाले असते तर नुसत्या त्यावर ती ताशी १७ किलोमीटरला पोचली असती. मिळत नाहीत, बराचसा भाग क्लचमध्ये नाहीतर टायरखाली उष्णता होऊन जातो. पण क्लच झटक्यात सोडलास आणि ही घसरण ०.३ सेकंदात झाली, तर फ्लायव्हील एकटं सुमारे १४० न्यूटन-मीटर जादा टॉर्क ढकलतं. इंजिनाचे २१० त्यात मिळव. टायरला हवेत १७०, तू देतोयस ३५०. चाक फिरणार नाही तर काय करणार?

आणि एकदा फिरलं की फिरत राहतं. पहिल्या गिअरला ४५०० म्हणजे चाकाचा वेग ताशी ४० किलोमीटर. गाडी शून्यावर, चाक चाळीसवर. टायरची पकड सगळ्यात चांगली असते ती चाक गाडीपेक्षा दहा-वीस टक्के जास्त फिरतंय तेव्हा. तू त्याच्या कितीतरी पलीकडे आहेस, तिथे रबर नुसतं घासतं, आणि मघाचा ०.९५ खाली येतो. तुझे ३ सेकंदांचे रन हेच आहेत.

म्हणून २८००. तिथे तुझ्या इंजिनाचा स्वतःचा टॉर्क टायरला पुरेसा आहे. फ्लायव्हीलच्या साठ्याचं काम एवढंच, की क्लच धरताना इंजिनाने दम तोडू नये. दम तोडत असेल, म्हणजे गाडी सुटते आणि लगेच गुदमरते, तर २०० ने वर जा. घासत असेल तर खाली. तुझ्यासारख्या गाड्या माझ्या अनुभवात २८०० ते ३४०० मध्येच कुठेतरी स्थिरावतात. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे जास्त चिकट टायर लावलेस तर हा पट्टा वर सरकेल, आणि तेव्हा ४००० चा विचार करायला मीच सांगेन.

लिमिटरचा खरा उपयोग माझ्या मते दुसराच आहे, आणि तो ट्यूनर लोक गिऱ्हाइकाला क्वचित सांगतात. लाइनवर तुझ्या हातात किती गोष्टी असतात? रेस, क्लच, दिवे, शेजारच्या गाडीचा आवाज. लिमिटर यातली एक गोष्ट काढून घेतो. रेस किती धरायची हा विचारच संपतो, डोकं सगळं डाव्या पायात घालता येतं. प्रत्येक वेळी तोच आकडा मिळाला, तरच क्लच कसा सोडायचा ते पायाला शिकता येतं.

पण 'तोच आकडा' खरोखर मिळतोय का, हे बघितलंयस? लॉग, म्हणजे रनमध्ये नोंदवलेले इंजिनाचे आकडे, उघड आणि लाइनवर उभा असतानाची आरपीएमची रेघ बघ. बऱ्याच घाईत केलेल्या फाइलींमध्ये स्पार्क ४५०० ला तुटतो आणि आरपीएम बरीच खाली आल्यावर परत येतो. मग काटा ४२५० आणि ४७५० मध्ये चेंडूसारखा उड्या मारतो. वरचं वर्गाचं गणित इथे लाव: ४७५० ला सोडलास तर ४२५० पेक्षा २५ टक्के जास्त साठा. क्लच कुठल्या उडीवर सुटला यावर तुझा रन ठरतोय. तुझे आकडे २.७ आणि ३ च्या मध्ये का हेलपाटतात, त्याचं निम्मं उत्तर इथे असेल असा माझा अंदाज आहे. ट्यूनरला सांग, की हा पट्टा १०० च्या आत आण, किंवा सगळे सिलिंडर एकदम कापण्याऐवजी आलटून पालटून काप, आणि लिमिटच्या आधीच्या दोनेकशे आरपीएममध्ये टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घे. आवाज कमी मर्दानी येईल. रेघ मात्र सरळ येईल.

या बाबतीत आमच्या पुणे जिल्ह्यातले बैलगाडावाले शहाणे आहेत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जुपणीला बैल धरून उभी असलेली माणसं बघ. बैल कितीही पेटलेले असोत, त्यांना एका जागी, सरळ, सारखं धरायचं आणि एकदम सोडायचं, सगळं कसब त्यात. एकाचा हात आधी सुटला की गाडा तिरका.

आता क्लचचा स्विच. तुझ्या गाडीच्या बॉश एमई ७ ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, लाँच लिमिटर मुळात नसतो, तो फाइलमध्ये घुसवावा लागतो. ईसीयूला कळतं कसं, की आता लाँच आहे? क्लच पेडलचा स्विच आणि गाडीचा वेग, या दोन गोष्टींवरून. पेडल दाबलेलं आणि गाडी उभी, म्हणजे लाँच. पेडल दाबलेलं आणि गाडी पळतेय, म्हणजे गिअर बदलतोय. आता हा स्विच मुळात क्रूझ कंट्रोलसारख्या कामांसाठी बसवलेला, लाँचसाठी नाही. तो सुटतो कुठे आणि तुझा क्लच धरतो कुठे, यात फरक असतो. स्विच आधी सुटला, तर क्लच धरण्याच्या आत लिमिटर निघून जातो, एक्सलरेटर फळीला असतोच, आणि इंजिन क्षणात सहा हजारांकडे झेपावतं. तू म्हणतोस ४५०० ला लाँच करतोय, प्रत्यक्षात क्लच धरतो तेव्हा ५२०० असतात. लिमिटर कितीही कमी केलास तरी चाक घासतंच, अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांच्यातले निम्मे इथे सापडतात. उलट स्विच उशिरा सुटला, तर क्लच धरलेला असताना स्पार्क तुटत राहतो आणि गाडी ठेचकाळते.

उपाय सोपा. फक्त स्विचवर विसंबू नको. वेगाची अट ठेव: चाकाचा वेग ताशी पाच-सात किलोमीटरच्या वर जाईपर्यंत लिमिटर सुटायचा नाही, पेडल कुठेही असो. काही ट्यूनर त्यापुढे जाऊन लिमिटर सुटल्यावर आरपीएमची मर्यादा वेळेनुसार हळूहळू वर नेतात. तेही छान चालतं, पण आधी पहिलं नीट कर.

डावा पाय. गाडी ०.४७ जीने पळाली तरी २५०० आरपीएमशी जुळणारा वेग, म्हणजे ताशी २२ किलोमीटर, गाठायला तिला साधारण १.३ सेकंद लागतात. एवढा वेळ इंजिन आणि रस्ता यांच्यात कुठेतरी घसरण व्हायलाच हवी. ती क्लचमध्ये होऊ दे किंवा टायरखाली, तिसरी जागा नाही. अमेरिकेत मोठ्या स्लिक टायरवर, गोंद मारलेल्या ट्रॅकवर, क्लच धाडकन सोडतात, कारण तिथला टायर मऊ असतो, गुंडाळला जातो आणि धक्का पितो. तुझ्याकडे ती सोय नाही, तुझी घसरण क्लचमध्येच व्हायला हवी. सव्वा सेकंद हाफ क्लच. ऐकायला थोडं वाटतं, पण लाइनवर तो सव्वा सेकंद फार लांब असतो, आणि नव्या मुलाचा पाय अर्ध्या सेकंदातच वर येतो. क्लच प्लेट खाईल का? खाईल. ड्रॅग करायचं तर क्लच प्लेट हा टायरसारखाच खर्चाचा माल आहे, हे आधीच मनाला सांगून ठेव. वास आला की पुढच्या रनआधी वीस मिनिटं गाडी थंड होऊ दे.

क्लच प्लेट तरी स्वस्त. त्या पिढीच्या तुझ्या पाचगिअरी बॉक्समध्ये डिफरन्शियलचा क्राउन व्हील, म्हणजे मोठं दातेरी चाक, रिव्हेटने बसवलेला असतो, आणि कडक लाँचचे धक्के बसत राहिले की रिव्हेट तुटतात हे जगभरच्या १.८ टर्बोवाल्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. तुटलेला रिव्हेट आत फिरतो आणि गिअरबॉक्सच्या कवचाला भोक पाडतो. रिव्हेट काढून बोल्ट घालायचे किट मिळतात. ५५०० ला क्लच सोडण्याचा मोह होईल तेव्हा त्या बोल्टांची आठवण काढ.

मी स्वतः हे पैसे मोजून शिकलोय. वीसेक वर्षांपूर्वी मित्राच्या छोट्या सेडानला आम्ही ६००० चा लिमिटर लावला होता. सगळी अक्कल माझीच. दिवा हिरवा झाला, क्लच सुटला, चाक घासलं, घासता घासता नाचायला लागलं, आणि बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाजवळचा सांधा, फुटला. गाडी तीन मीटर गेली आणि थांबली. शेजारचा निवांत पहिला आला. तोडतं ते चाकाचं नाचणं, हे त्या दिवशी कळलं. टायर पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो, आणि प्रत्येक पकडीला एक्सलवर घण बसतो. स्टिअरिंगमध्ये तसा थरकाप जाणवला तर त्याच क्षणी एक्सलरेटर सोड, तो रन गेला. आणि घरी येऊन इंजिन माउंटिंगं बघ, विशेषतः खालचं, जे इंजिनाला पुढे-मागे डोलू देत नाही. जुन्या गाडीत ते रबर गेलेलंच असतं.

फटाक्यांचं आता. स्पार्क तोडला की सिलिंडरमध्ये आलेलं पेट्रोल न जळता बाहेर जातं आणि तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेटतं, तो तुझा फटाका. बहुतेक रोडच्या गाड्यांत कंपनीचा मूळचा रेडलाइन लिमिटर पेट्रोल तोडतो, स्पार्क नाही, ते मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी. त्यातलं सिरॅमिक मधमाशीचं पोळं न जळलेल्या पेट्रोलवर इतकं तापतं की वितळून एक्झॉस्ट बंद करू शकतं. मग लाँचसाठी पेट्रोलच का तोडू नये? कारण पेट्रोल तोडलं की इनटेक पोर्टच्या भिंतीवरची ओल सुकते, परत सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) जातं आणि गाडी नेमकी सुटतानाच अडखळते. टर्बो इंजिनाला पातळ मिश्रण तसंही मानवत नाही. स्पार्क मात्र पुढच्याच फेरीला हजर होतो. तेव्हा लाँचला स्पार्क कटच बरोबर, तुझ्या ट्यूनरने तिथे चूक केलेली नाही. पण त्याला वेळेचं कुंपण हवं. लाइनवर दोन सेकंद, फार तर तीन. गाडीत कॅट असेल तर तेवढेही जपून.

ज्यांचा टर्बो मोठा, गाडी चारही चाकांवर आणि टायर चिकट, त्यांचं गणित वेगळं. उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, म्हणून नुसत्या रेसने बूस्ट येत नाही. टायमिंग खूप मागे घेऊन, थ्रॉटल उघडा ठेवून, जाळ एक्झॉस्टमध्ये ढकलावा लागतो, मग टर्बाइन फिरतं. त्यात एक्झॉस्टचं तापमान ९५० अंशांच्या पुढे सहज जातं, टर्बोचं आयुष्य त्यावर जळतं. तुझा छोटा के०३ घराण्यातला टर्बो अडीच हजारापासूनच जागा असतो. त्याला उठवायला फटाके नकोत.

आणि हे कुठे तपासतोस? एक्सप्रेसवेच्या बोगद्यात फटाके वाजवत जाणारी पोरं मी बघतो आणि मान फिरवतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि ते बाजूला ठेवलं तरी रस्त्यावर तुला साठ फुटांचा वेळ कोण देणार? घड्याळाशिवाय लिमिटर लावणं म्हणजे अंधारात मीठ घालणं. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारखे कार्यक्रम झाले, तिथे आपल्याकडच्या पोरांना वेळेची चिठ्ठी हातात घेऊन बोलायची सवय लागली, याचं मला फार कौतुक आहे. चिठ्ठी खोटं बोलत नाही. साठ फुटांना एक दशांश वाचला तर शेवटी ४०२ मीटरला दीड-दोन दशांश वाचतात, असा जुन्या ड्रॅगवाल्यांचा ठोकताळा आहे, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरतो.

नावाबद्दल एक आडवळण. अमेरिकेत याला टू-स्टेप म्हणतात, कारण मर्यादा दोन: लाइनवरची खालची आणि पळतानाची वरची. एमएसडी कंपनीच्या जुन्या इग्निशन बॉक्सवर आकडा बदलायला लॅपटॉप लागत नसे, छोटी चिप काढून दुसरी खोचायची, ३००० ची काढून ३२०० ची. त्या चिपला तिथे 'पिल' म्हणायचे, गोळी. मला ती पद्धत आजही आवडते, कारण गोळी बदलायला बॉनेट उघडावं लागतं आणि तेवढ्या वेळात माणूस दोनदा विचार करतो. एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गात २०१६ पासून १०,५०० चा लिमिटर सक्तीचा झाला, तो मात्र वेगळा प्राणी, लाँचशी त्याचा संबंध नाही, इंजिनं आणखी वर फिरवण्याची खर्चिक चढाओढ थांबवायला तो आणला. आणि फॉर्म्युला वनने तर २००४ पासून लाँच कंट्रोलवरच बंदी घातली, कारण सुटणं हे ड्रायव्हरचं काम आहे असं ठरलं. आमच्या आरएक्स १०० वर यातलं काही नव्हतं. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, लिमिटर नाही, टॅकोमीटर नाही. कान हाच लिमिटर.

वरच्या मर्यादेबद्दल एकच सांगतो, कारण पोरांचा गैरसमज असतो. रेडलाइन लिमिटर इंजिनाला फक्त इंजिनापासून वाचवतो. तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला फिरवतात, आणि तिथे स्पार्क तोडून काही होत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भेटून येतात.

आता तू करायचं काय. पुढच्या वेळी टायरची हवा आधी पक्की कर: पुढे २७-२८ पीएसआय, मागे ३८. मागचे टायर कडक असले की फिरायचा अडथळा कमी होतो आणि बूडही जरा कमी बसतं. पुढे २४ च्या खाली जाऊ नको, शेवटाला वेग मोठा असतो. डिकीतलं सगळं सामान आणि स्टेपनी काढ, ते वजन मागचं आहे, पुढचं नाही. पुढून मात्र काहीही काढू नकोस, बॅटरी हलकी करण्याच्या भानगडीत पडू नकोस. ट्रॅक्शन कंट्रोल बंद. लाइनवर जाण्याआधी टायर पुसून घे आणि थोडं चाक फिरवून धूळ झाड, मोठा धूर काढायची गरज नाही, रोड टायर जास्त तापला की तेलकट होतो.

मग २८०० ला तीन रन. तिन्हीत क्लच एकाच पद्धतीने. चिठ्ठीवर सगळ्यात चांगला आकडा बघू नकोस, सगळ्यात वाईट बघ. तीनही रन २.५५ आणि २.६५ च्या आत आले तर ३००० कर आणि पुन्हा तीन. असं २०० ने चढत जा. एक वेळ अशी येईल की एखादा रन झकास पडेल, २.४८ वगैरे, पण दुसरा २.८ येईल. तिथे थांब आणि एक पायरी खाली ये. तो झकास रन नशिबाचा होता, नॉकआउटमध्ये नशीब दर वेळी बरोबर येत नाही. एका दिवसात लिमिटर आणि हवा दोन्ही बदलू नकोस, कशाने काय झालं ते कळणार नाही.

दुपारी डांबर तापलं की आकडा बदलेल, सकाळी जे ३२०० ला बसलं ते दुपारी ३००० मागेल किंवा ३४००, ते त्या पट्टीवर अवलंबून. धूळ उडालेली असेल आणि आधीच्या गाड्यांचं रबर बसलेलं असेल तर वर जाता येतं. त्यामुळे दोन-तीन आकड्यांच्या फाइली आधीच करून ठेव, ट्यूनरला धावपट्टीवर फोन लावायची वेळ येऊ देऊ नकोस.

पण या सगळ्याच्या आधी, या रविवारी, घराच्या पार्किंगमध्ये एक काम कर. इंजिन बंद, किल्ली ऑन, लॅपटॉप जोडून क्लच स्विचची स्थिती स्क्रीनवर आण. पेडल पूर्ण दाब आणि हळूहळू सोड, स्विच कुठे पलटतो तिथे पेडलच्या दांड्याशेजारी खडूने खूण कर. मग इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, क्लच कुठे धरायला लागतो तिथे दुसरी खूण. दोन खुणांमध्ये किती बोटं अंतर आहे ते मला कळव, आणि त्या ३ सेकंदांच्या रनचा लॉगही पाठव.